अकरा माणसे, बारा सावल्या

मित्रांनो, मी शेतीच्या मेळ्याचे एक जुने चित्र आहे आणि माझ्यात एक सावली जास्त आहे. माझ्या पुढच्या भागात अकरा माणसे उभी आहेत. त्यांच्या पायांशी बारा सावल्या पडल्या आहेत. मोजायला अवघड नाही. दहा वर्षांच्या एका मुलीला ते जमले, पण त्याआधी बहात्तर वर्षे जावी लागली.

आधी माझा जन्म सांगते. जवसाच्या देठापासून धागा निघतो आणि बियांपासून तेल. माझे कापड त्या धाग्याचे आहे आणि माझे रंग त्या तेलात कालवलेले आहेत. म्हणजे मी मुळात शेतातलेच. तेलातला रंग पाण्याच्या रंगासारखा सुकत नाही. तो हवेतला प्राणवायू घेतो आणि हळूहळू घट्ट होतो. हाताला तो कोरडा लागतो, पण आतून पुरता कडक व्हायला वर्षे लागतात. तोवर सुरी धरली तर तो निघतो. हे मी उगाच सांगत नाही.

मला रंगवणारा चित्रकार उंच आणि किडकिडीत होता. मेळ्याच्या दिवसांत तो गिरणीवाल्याच्या घरी, वरच्या खोलीत उतरला होता. घरात बसून आठवणीने रंगवणे त्याला मान्य नव्हते. जे रंगवायचे त्याच्यासमोर उभे राहायचे आणि जो उजेड असेल तोच पकडायचा, असा त्याचा नियम. उजेड मात्र थांबत नाही. म्हणून तो तीन दिवस रोज सकाळी त्याच जागी, त्याच वेळेला उभा राहिला. सावल्या ठरलेल्या लांबीच्या झाल्या की सुरुवात करायची आणि दीड तासाने ब्रश पुसून ठेवायचे.

रंग तो फारसे मिसळत नसे. पिवळ्याशेजारी निळा ठेवायचा, हिरव्याशेजारी लाल. जवळून पाहाल तर मी म्हणजे नुसते ठिपके आणि फराटे. दहा पावले मागे जा, मग तंबू उभे राहतात, वजनकाट्यावरचा भोपळा गोल होतो आणि बैलाच्या पाठीवर ऊन चढते.

त्या बैलाचा मालक पहिल्याच दिवशी डोकावून गेला.

"फीत नीट काढा हं. पहिलं बक्षीस आहे."

"काढली की. तो लाल ठिपका."

"एवढीच? अहो, बैलाच्या कानाएवढी फीत होती माझी! लोक म्हणतील, याला तिसरं मिळालं."

चित्रकाराने फीत मोठी केली नाही. जे दिसते तेवढेच, हा नियम त्याने बैलवाल्यासाठीही मोडला नाही.

दुसऱ्या सकाळी गिरणीवाल्याच्या दोन मुली आल्या. थोरली दहा वर्षांची. तिने केस नीट विंचरले होते आणि इस्त्रीचा निळा झगा घातला होता. आपल्याला चित्रात घेतील असे तिने आदल्या रात्रीपासून गृहीत धरले होते. धाकटी सहा वर्षांची, पांढऱ्या झग्यातली, दोन बारीक वेण्यांची. एका जागी ठरत नसे म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. चित्रकाराने दोघींकडे पाहिले आणि कोंबड्यांच्या पिंजऱ्याशी उभ्या असलेल्या बाईकडे बोट केले.

"तिच्या शेजारी मला एक लहानसं पांढरं हवंय. तू जा उभी राहा."

तो भिंगरीला म्हणाला. रंग पांढरा हवा होता, एवढेच कारण होते. पण दहा वर्षांच्या मुलीला हे कारण कारण वाटत नाही.

भिंगरी मोजून चार मिनिटे उभी राहिली. मग धावत येऊन माझ्याकडे पाहू लागली.

"माझं नाक कुठाय?"

"लांबून बघ, दिसेल."

ती उलट्या पावलांनी मागे गेली. बैलवाल्याला धडकली. आणि तिथून ओरडली, "ताई! आलं! मला नाक आलं!"

थोरली ओठ मिटून उभी होती. "कसलं नाक? नुसता रंगाचा ठिपका आहेस तू. पुसून टाकायला पाहिजे तुला."

भिंगरीने जीभ दाखवली आणि पळाली. भांडण तेवढ्यावर संपले. मुलांची भांडणे संपतात तशीच. पण तो शब्द माझ्या ओल्या रंगावर पडला आणि तसाच राहिला.

मेळा संपला. मला वाळायला गिरणीवाल्याच्या जेवणाच्या खोलीत टांगले. चित्रकार पुढच्या उन्हाळ्यात येऊन घेऊन जाणार होता. पानगळ सुरू झाली तेव्हा त्या भागात मुलांच्या घशाचा आजार आला. त्याची लस तेव्हा तिथवर पोचली नव्हती. मला वरच्या मजल्यावरचा खोकला ऐकू यायचा. पाच दिवस तो ऐकू आला. सहाव्या दिवशी आला नाही.

भिंगरीचा एकही फोटो नव्हता. मेळ्यात फोटोवाला यायचा, पण त्या वर्षी त्याच्यासमोर रांग मोठी होती, म्हणून आईने "पुढच्या वर्षी काढू" असे म्हटले होते. आता घरात तिचे म्हणावे असे मीच होते. माझ्यात ती बोटभर उंचीची होती. तिच्या चेहऱ्याच्या जागी गुलाबी रंगाचा एकच ठिपका होता, आणि तो ठिपका हसत होता. तो कसा हसत होता हे मला सांगता येणार नाही. चित्रकारालाही आले नसते.

आईने टेबलाशी आपली खुर्ची फिरवली. माझ्याकडे पाठ केली. त्याने भागले नाही. जेवता जेवता ती मध्येच थांबायची, मागून कोणी हाक मारल्यासारखी. थोरली मात्र माझ्यासमोर बसायची. घास घ्यायची आणि माझ्याकडे बघायची, घास घ्यायची आणि बघायची.

उन्हाळ्यात चित्रकार आला. त्याला काही माहीत नव्हते. त्याने भिंगरीसाठी लाकडी भोवरा आणला होता. तो हातातच राहिला.

आई म्हणाली, "तुम्ही चांगलं चित्र केलंत. तक्रार नाही. पण ती रोज तिथेच उभी असते. तेवढीच. पुसून टाका तिला."

गिरणीवाला म्हणाला, "अगं, तिचं तेवढं एकच तर आहे."

"म्हणूनच."

चित्रकाराने खोलीचे दार लोटले, पण ते पुरते लागले नाही. फटीत थोरली उभी होती. तिला त्याची पाठ दिसत होती. त्याच्या पुढ्यात काय चालले होते ते फक्त मला दिसले, आणि जाणवले. त्याने सपाट सुरी घेतली आणि भिंगरीला खरवडून काढले. आधी झगा, मग वेण्या, शेवटी तो गुलाबी ठिपका. खरवड त्याने वर्तमानपत्राच्या तुकड्यावर घेतली. चमचाभरही नव्हती. कागदाची घडी करून त्याने खिशात ठेवली. मग त्या जागी मातीच्या रंगाचे पाच-सहा फराटे मारले. मेळ्यातली धूळ. बाजूच्या धुळीसारखीच.

सावली मात्र त्याने ठेवली.

तो विसरला, असे तुम्ही म्हणाल. मला तसे वाटत नाही. त्याच्या लेखी सावली माणसाची नसायचीच. सावली म्हणजे ऊन अडलेली जमीन. तिच्यावर सूर्य पडत नाही, पण आकाशाचा उजेड पडतो, म्हणून ती काळी नसते, निळसर जांभळी असते. तिचा रंग तो जमीन रंगवतानाच लावायचा. त्याला मुलगी पुसायला सांगितली होती. त्याने मुलगी पुसली. जमिनीला त्याने हात लावला नाही. इतकी वर्षे उजेडाचा अभ्यास केलेल्या माणसाकडूनच अशी चूक होऊ शकते.

भोवरा तो टेबलावर ठेवून गेला. मला मात्र बरोबर नेले नाही. नंतरही कधी न्यायला आला नाही.

मग खूप वर्षे मी त्या खोलीत होते. खरवडलेल्या जागी माझा रंग पातळ आहे आणि कापडाची वीण वर येते. थंडीत तिथे सगळ्यात आधी गार लागते. आणि तिच्या पायाशी, जिथे आता पाय नाहीत, तिथून ती सावली तिरकी पडलेली. झग्याचा घेर, दोन वेण्या, एक कोपर जरा बाहेर आलेले. चालायला निघालेली. माझ्यातली बाकीची माणसे आपापल्या सावलीवर उभी आहेत. ही सावली कोणावाचून उभी आहे. मला त्याची सवय झाली असे म्हणवत नाही.

थोरलीला ती पहिल्याच दिवशी दिसली. तिने कोणाला सांगितले नाही. सांगितले असते तर आईने सावलीही पुसायला लावली असती. शिवाय तिला स्वतःचे शब्द आठवत होते. 'पुसून टाकायला पाहिजे तुला.' तिला वाटायचे, आपण म्हटले आणि तसेच झाले, तेही दोनदा. एकदा वरच्या खोलीत आणि एकदा या खोलीत.

ती मोठी झाली, दुसऱ्या गावी गेली, संसार केला. वडील गेले, गिरणी बंद पडली, पुढे आईही गेली. घर आवरायला ती एकटीच आली होती. भांडी, कपाटे, सगळे वाटून झाले. मला घरी नेणे तिच्याने झाले नाही आणि टाकून देणे त्याहून नाही. तिने मला शहरातल्या संग्रहालयाला देऊन टाकले. नोंदवहीत लिहिले गेले: 'शेतीचा मेळा. तैलरंग. दाता: गिरणीवाल्यांची मुलगी,' आणि पत्ता.

संग्रहालयात मला जिन्याजवळची भिंत मिळाली. लोक वर जाताना माझ्याकडे बघायचे आणि "छान आहे," म्हणून पुढे जायचे. काही तज्ज्ञ येऊन गेले. एकाने माझ्या आकाशाची फार स्तुती केली. जमिनीकडे कोणी पाहिले नाही. चांगल्या आकाशाचा हा तोटा असतो.

मग संग्रहालयाने शाळांसाठी एक उपक्रम सुरू केला आणि त्यासाठी मला निवडले. कारण साधे होते. माझ्यात जनावरे आहेत. मुलांना चित्र दाखवणाऱ्या मॅडम मोजके बोलणाऱ्या. त्यांची एक पद्धत होती. मुलांना चटईवर बसवायचे आणि पाच मिनिटे कोणी बोलायचे नाही, नुसते बघायचे. मग एकच प्रश्न: "या चित्रात किती वाजले असतील?" प्रत्येकाच्या हातात माझी एक छापील प्रत असायची आणि पट्टी. मुले सावल्या मोजत बसायची. कोणी म्हणायचे सकाळ, कोणी म्हणायचे संध्याकाळ, आणि दोघे भांडायचे. मला ते आवडायचे.

नऊ वर्षे असे चालले. मग एके दिवशी तो वर्ग आला. त्यात एक मुलगी होती. वर्ग तिला शंकासुर म्हणायचा. तिने पट्टी बाजूला ठेवली आणि हात वर केला.

"मॅडम, सावल्या बारा आहेत."

"बरं. आणि माणसं?"

"अकरा. तीनदा मोजली."

"बैलाची धरली असशील," मागून एक मुलगा म्हणाला.

"बैलाला चार पाय असतात. एवढं कळतं मला. तुला कळतं का ते बघ."

त्यांचे सर भिंतीला टेकून उभे होते. ते म्हणाले, "ढगाची असेल गं. झालं तुझं सुरू. पुढचं बघा."

"ढगाला वेण्या असतात का, सर?"

वर्ग हसला. सरही हसले आणि माझ्याजवळ आले, तिने दाखवलेल्या जागी वाकले. मग त्यांचे हसू गेले.

"मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले, "ही खरंच कोणाची आहे?"

मॅडम बराच वेळ पाहत राहिल्या. नऊ वर्षे त्या माझ्यासमोर उभ्या होत्या. त्यांना काहीतरी सुचवून वेळ मारून नेता आली असती. त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. शोधते."

शंकासुर म्हणाली, "सापडलं की आम्हाला सांगायचं हं. विसरायचं नाही."

मॅडमनी नोंदवही काढली, पत्ता शोधला आणि पत्र लिहिले. आठ दिवसांत उत्तर आले. मॅडमनी ते माझ्यासमोरच उघडले आणि हलक्या आवाजात वाचले. 'ती माझी धाकटी बहीण. सहा वर्षांची असताना गेली. आईने तिला चित्रातून पुसायला लावलं. चित्रकाराने ती खरवडली की नुसता वरून रंग दिला, हे मला कधीच कळलं नाही. ती रंगाखाली असेल तर मला बघायचं आहे. तिचा चेहरा मला आता आठवत नाही. मी ब्याऐंशी वर्षांची आहे, तेव्हा जरा लवकर जमवा.'

मित्रांनो, ती तिथे नाही हे मला माहीत होते. आणि मला बोलता येत नव्हते. इतक्या वर्षांत मला याहून वाईट वाटल्याचे आठवत नाही.

संग्रहालयात जुन्या चित्रांची डागडुजी करणारे एक गृहस्थ होते. सगळे त्यांना डॉक्टर म्हणायचे. त्यांनी सांगितले, "झगा पांढरा होता म्हणता ना? तेव्हाच्या पांढऱ्या रंगात शिसं असायचं. शिसं क्ष-किरणांना अडवतं. मुलगी खाली असेल तर फोटोत ती पांढरीशुभ्र उठून दिसेल." मग मला ब्लँकेटात गुंडाळून इस्पितळात नेले. तिथला तंत्रज्ञ दिवसभर माणसांना "श्वास रोखा" म्हणायचा. माझ्यासमोर तो तेच म्हणाला आणि स्वतःच ओशाळला. मी मात्र तो रोखला होता.

फोटोत बैलवाल्याचा सदरा पांढरा आला. तंबू पांढरे आले. कोंबड्यांच्या पिंजऱ्याजवळ एक काळी जागा आली आणि तिच्यावर सुरीचे बारीक ओरखडे. बस.

डॉक्टर माझ्यावर दिवा तिरपा धरून आणखी एक तास बसले. उठताना त्यांनी मॅडमना काहीतरी दाखवले, आणि मॅडमनी डोळ्यांना रुमाल लावला.

थोरली आली तो दिवस मला नीट आठवतो. मला ती ओळखू आली नाही. ठेंगणी झाली होती, हातात काठी होती, केस मात्र अजून नीट विंचरलेले. तो वर्गही आला होता. शंकासुराने सरांचे डोके खाल्ले होते. मॅडम आजींना आधी बाजूला घेऊन सांगणार होत्या, पण आजी म्हणाल्या, "मुलांसमोरच सांगा. शोधलं त्यांनी, मग त्यांच्यापासून लपवायचं कशाला?" आणि खुर्चीवर बसल्या.

मॅडम म्हणाल्या, "आजी, ती खाली नाही. त्यांनी आधी सगळं खरवडलं होतं."

आजींनी मान हलवली. थांबून पुन्हा हलवली. "पुसलं म्हणजे पुसलंच त्याने. सरळ माणूस होता."

"पण अजून एक आहे. तुमच्या जेवणाच्या खोलीतल्या दिव्याचा धूर चित्रावर बसायचा. तो कोणीतरी नेमाने पुसायचं. फक्त त्या सावलीवर काजळीचा जाड थर आहे. बाकी कुठेही तसा नाही. डॉक्टर म्हणतात, वर्षानुवर्षं कोणीतरी तेवढी जागा सोडून, बाजूबाजूने फडकं फिरवलंय. कोण पुसायचं?"

आजी म्हणाल्या, "आईच. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही."

खरे आहे. मला ते फडके आठवते. एका दुपारी घरात कोणी नसताना त्या फडक्याखाली आईचे बोट सावलीवर आले आणि थांबले. ती कितीतरी वेळ तशीच उभी होती. त्यानंतर तिने तिथे कधी हात फिरवला नाही. बाजूबाजूने पुसायची, झोपलेल्या मुलाभोवती केर काढावा तशी. म्हणजे दोघींना माहीत होते. एकीने दुसरीपासून लपवले आणि दुसरीने पहिलीपासून. एकाच टेबलावर.

"तिला दिसली होती," आजी म्हणाल्या. "आणि तिने ठेवली. मला वाटायचं, मी एकटीच..." त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मुलांनो, माझ्या हातून एक चूक झाली होती. याच चित्राच्या वेळी. मला घेतलं नाही म्हणून मी तिला म्हटलं, तुला पुसून टाकायला पाहिजे. दोन महिन्यांनी ती गेली. आणि मग खरंच पुसली. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं."

शंकासुराचा हात वर गेला. सरांनी तिला डोळ्यांनी दटावले, पण तोवर ती बोलली होती.

"मी तर माझ्या भावाला रोज म्हणते, तू मर."

"शू! काय बोलतेस?" सर म्हणाले.

"खरंच म्हणते, सर. रोज. आणि तो काही मरत नाही. परवा माझा डबा खाऊन टाकला."

मग आजी हसल्या. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला. डोळ्यांतून पाणी येत होते आणि त्या हसत होत्या, आणि ते पाहून मुलेही हसू लागली. जिन्यावरून जाणारा पहारेकरी थांबून बघायला लागला.

शंकासुर उठून आजींच्या खुर्चीजवळ आली. "आजी, चेहरा नाही मिळाला. पण ती केवढी होती ते काढता येईल." तिने माझी छापील प्रत आजींच्या मांडीवर पसरली. "बघा. उजेड एकच आहे. मग जो दुप्पट उंच, त्याची सावली दुप्पट. कोंबड्यावाल्या बाईंची सावली वीस मिलिमीटर. हिची चौदा. पण त्या बाई किती उंच होत्या ते पाहिजे."

"ती आमची मावशी," आजी म्हणाल्या. "लग्नात मी तिचा झगा न उसवता घातला होता. मी तेव्हा एकशे साठ होते, म्हणजे तीही तेवढीच. सेंटिमीटर."

शंकासुराने भागाकार केला, गुणाकार केला, ओठ हलवत पुन्हा तपासला. "एकशे बारा. थोडं इकडेतिकडे होईल. ब्रशच्या सावलीत तेवढी चूक धरायला पाहिजे ना, मॅडम?"

मॅडमनी मान डोलावली आणि भिंतीवर पट्टी धरून एकशे बारावर बोट ठेवले. आजी खुर्चीवरून उठल्या, काठी न घेता. त्या बोटाच्या उंचीवर त्यांनी आपला तळहात हवेत आडवा धरला, कोणाच्या डोक्यावर ठेवावा तसा.

"हो," त्या म्हणाल्या. "इथवरच. वेणी घालताना मला वाकावं लागायचं." मग त्या हाताकडे पाहत, "इतकीशी होती? मला वाटायचं, ती माझ्याबरोबर वाढलीये. रोज माझ्याएवढी होऊन समोर उभी राहायची. मी तिला घाबरायचे."

त्यांनी हात खाली घेतला आणि शंकासुराकडे पाहिले. पायांपासून डोक्यापर्यंत, सावकाश.

"तू किती वर्षांची?"

"दहा. सव्वादहा."

"म्हणजे मी एवढी होते," आजी म्हणाल्या. तिचा विस्कटलेला भांग त्यांनी बोटांनी सरळ केला आणि पुन्हा खुर्चीवर बसल्या.

वर्ग गेला तरी त्या बसून होत्या. दुपारी दुसरी शाळा आली, लहान मुलांची. त्यांच्यातल्या एकाने माझ्या जमिनीकडे बोट करून विचारले, "इथे कोण आहे?" मॅडम उत्तर द्यायला वळल्या, पण आजी आधी बोलल्या. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असे.

"ती माझी बहीण. सहा वर्षांची आहे. एका जागी उभी राहायची नाही."

ते वाक्य त्यांनी बहात्तर वर्षांत पहिल्यांदा उच्चारले असावे. मी तरी पहिल्यांदा ऐकले.

मित्रांनो, माझी देखभाल करायला माणसे आहेत. मला हात लावू नका, जवळ शिंकू नका, हे तुम्हाला पहारेकरी सांगेलच. मी दुसरेच मागते. तुमच्याही घरात एखादे नाव असेल, जे मोठी माणसे घेत नाहीत. एखादी गोष्ट असेल, जिच्या बाजूबाजूने फडके फिरवले जाते. ते भीतीने होत असेल, कदाचित मायेनेही. तुम्ही हसू नका आणि घाईही करू नका. पण जवळ बसा आणि विचारा. सांगणारे माणूस घरात आहे तोवर विचारा.